फळ्यावरचे दुसरे नाव

मी एक जुना लाकडी फळा आहे. मला बिचारा म्हणायचे नाही, ही माझी पहिली अट. दुसरी अट अशी, की मी बोलत असताना 'शब्द काय, पुसले की गेले' असे कुणी म्हणायचे नाही. मित्रांनो, हे वाक्य ऐकून ऐकून माझ्या चौकटीचे खिळे सैल झाले आहेत. असे म्हणणाऱ्यांनी पुसलेला फळा कधी तिरप्या उन्हात पाहिलेला नसतो. सकाळी ऊन खिडकीतून आडवे आले, की माझ्या अंगावर पाच-पाच वर्षांपूर्वीची अक्षरे पुसट उमटतात. खडू जातो, पण त्याचा ओरखडा राहतो. हे मी कुणाकडून ऐकून सांगत नाही. माझे सगळे आयुष्य अंगावर शब्द घेण्यात गेले आहे.

एका सुताराने चार फळ्या जोडून मला घडवले. त्याने रंधा मारला, सांधे भरले आणि काळ्या रंगाचे तीन हात दिले. प्रत्येक हात वाळला की तो तळव्याने मला चाचपून पाही. "खडू धरला पाहिजे, पण ओरबाडला नाही पाहिजे," तो बायकोला म्हणाला.

"मग त्यातला एक हात तुमच्या आईंनाही द्या," बायको म्हणाली.

सुतार इतका हसला की हातातला ब्रश खाली पडला. या जगात मी ऐकलेले हे पहिले बोलणे.

पहिली अकरा वर्षे मी एका लहानशा शाळेत होतो. तिथल्या बाईंचे अक्षर टपोरे होते. "या फळ्यावर लिहिलं की माझंच अक्षर मला आवडतं," असे त्या म्हणत, आणि मी आतल्या आत फुगत असे. पण त्याच शाळेत, त्याच वर्गात, एका दुपारी बदलीवर आलेल्या एका गुरुजींनी एका मुलीचे नाव माझ्यावर लिहिले आणि त्यापुढे 'मठ्ठ' असा शब्द लिहिला. तिला भागाकार आला नव्हता, एवढेच. वर्ग हसला. पाव तासाने गुरुजींनी स्वतःच ते पुसले आणि पुढचा धडा सुरू केला. गुरुजी वाईट नव्हते. संध्याकाळपर्यंत ते विसरूनही गेले असतील. त्या मुलीने मात्र वर्ष संपेपर्यंत एकदाही हात वर केला नाही. उत्तर येत असतानाही नाही. मी समोर होतो, मला तिचे ओठ हलताना दिसत.

त्या दिवशी वर्गात बत्तीस मुले होती. एकही उठले नाही. हे मी त्यांना दोष देण्यासाठी सांगत नाही. हसणे सोपे असते आणि उठायला पाय लागतात. मला पाय नाहीत, तुम्हाला आहेत, म्हणून सांगतो.

पुढे शाळेत गुळगुळीत पांढरा फळा आला. मला व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभे केले, शिक्षा झालेल्या पोरासारखे. वर्षभर मी भिंतच पाहिली. मग एक दिवस जाड मिशांच्या एका माणसाने मला उलटे केले, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "आवाज भरीव आहे. चालेल."

तो छत्र्यांच्या कारखान्याचा मुकादम होता.

कारखाना म्हणजे एक लांब दालन होते. एका टोकाला कातरकामाचे मोठे टेबल. तिथे ताई कापडाचे तिकोनी तुकडे कापत असे. या तुकड्याला तिथे पाकळी म्हणतात, आणि अशा आठ पाकळ्या जोडल्या की छत्रीचे कापड तयार होते. मधे खिडकीजवळ शिलाईवाल्या मावशींचे यंत्र. त्यापुढे काड्यावाले काका शिवलेले कापड छत्रीच्या काड्यांवर चढवत. शेवटी बटणवाल्या वहिनी छत्री मिटून, पट्टा गुंडाळून त्याला बटण लावत. दुसऱ्या टोकाला मुकादमाचे मेज, आणि त्यामागच्या भिंतीवर मी.

मुकादमाची एक पद्धत होती. चूक सापडली की तो चुकणाऱ्याचे नाव माझ्यावर लिही आणि त्यापुढे एक शेरा मारी. याला कारखान्यात 'चढणे' म्हणत. सकाळी आल्या आल्या लोक विचारत, "आज कोण चढलंय?" दुसऱ्या कुणाची त्याहून मोठी चूक सापडेपर्यंत ते नाव उतरत नसे. खडू फक्त मुकादमाने हातात धरायचा. "लाज वाटली की माणूस सुधारतो," असे तो मनापासून मानत असे.

काका वर्षातून चार-पाच वेळा चढत. दुपारी डुलकी लागली म्हणून एकदा त्यांच्या नावापुढे 'कुंभकर्ण' लिहिले होते. काका म्हणाले, "मी काय, फळ्याचा जावई आहे. अधूनमधून पाहुणचाराला जावं लागतं." सगळे हसले आणि मीही स्वतःला समजावले, की हे चालायचेच, गंमत आहे. मित्रांनो, तेव्हा मी चुकलो. मला नीट पाहता आले असते तर दिसले असते, की मुकादम फिरतीवर निघाला की प्रत्येक जण आपल्या कामातले काहीतरी पटकन पायाखाली सरकवतो. लाजेने माणसे सुधारली नव्हती. लपवायला शिकली होती.

आता ताईची गोष्ट.

ताईला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून वडील माणसेसुद्धा. कातरकाम तिला तिच्या वडिलांनी याच टेबलावर शिकवले होते. पाकळीच्या आकाराचा एक लाकडी साचा होता. तो कापडावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने धारदार सुरी ओढायची. ताईची सुरी ओढतानाचा आवाज एकसारखा येई. मावशी म्हणत, "हिची सुरी ऐकूनच मी यंत्राला पाय लावते."

एका सोमवारी मालकीणबाई नव्या मालातली एक छत्री सहज उघडून पाहत होत्या. छत्री पूर्ण उघडताच टर्रकन आवाज झाला आणि एक शिवण वीतभर उसवली. त्यांनी छत्री मुकादमाच्या मेजावर ठेवली आणि त्या निघून गेल्या. मुकादमाने उसवलेली कड उजेडात धरली आणि ठरवून टाकले, की पाकळी नीट कापलेली नाही. त्याने माझ्यावर लिहिले, 'ताई'. त्यापुढे लिहिले, 'वाकडी'.

ताईने त्याच दुपारी डबा न उघडता गठ्ठ्यातली एकेक पाकळी साच्यावर ठेवून पाहिली. प्रत्येक पाकळी साच्याला तंतोतंत जुळत होती. ती मुकादमाकडे गेली.

"माझ्या पाकळ्या बरोबर आहेत. मी सगळ्या ताडून पाहिल्यात."

"मग छत्री काय हवेने उसवली?"

"ते मला माहीत नाही."

"माहीत झालं की ये. तोवर नाव राहू दे, कुणाला खात नाही ते."

खात होते. पहिले दोन दिवस ताई माझ्याकडे रागाने पाही. तिसऱ्या दिवसापासून तिने पाहणेच सोडले. मेजाकडे यायचे झाले तरी ती मान खाली घालून येई. मालाच्या गाडीवरचा माणूस एकदा ओरडला, "वाकडीचा गठ्ठा कुठला?" त्याला ताईचे नावच माहीत नव्हते. माझ्यावर वाचलेला शब्द तो नाव समजून वापरत होता. सातव्या-आठव्या दिवशी मी ऐकले, की सुरीचा आवाज अडखळतो आहे. मधेच थांबतो आहे, पुन्हा सुरू होतो आहे. आणि मग तिच्या हातून एक पाकळी खरोखरच वाकडी कापली गेली. दोन दिवसांत आणखी दोन. जी सोमवारी वाकडी नव्हती तिला माझ्यावरच्या एका शब्दाने पुढच्या बुधवारपर्यंत वाकडे केले. आता कुणी म्हणावे मला, की शब्द काय, पुसले की गेले.

त्या बुधवारी मुकादमाने जाहीर केले, "शनिवारी मालकीणबाई येतील. ताईला कातरकामावरून काढून खोके भरायला बसवावं, असं मी सांगणार आहे."

ताई मावशींजवळ जाऊन हळू बोलली. खिडकी माझ्या डाव्या हाताला आहे, मला ऐकू आले. "शनिवारी मीच सांगून टाकते. मी येणार नाही सोमवारपासून. वडिलांच्या टेबलासमोर बसून खोके नाही भरायचे मला."

"अगं, असं काय करतेस. तुझ्यासारखं कापणारं कुणी नाही इथे. सोन्यासारखा हात आहे तुझा."

"गोड बोलून हात सरळ होत नाही, मावशी," ताई म्हणाली आणि निघून गेली.

मावशी परत यंत्राकडे वळल्या. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कारण मावशींना एक गोष्ट माहीत होती, जी त्यांनी कुणालाही सांगितलेली नव्हती.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मुकादम हात धुवायला गेला होता. मावशी उठल्या, सरळ त्याच्या मेजापाशी आल्या आणि त्यांनी खडू उचलला. दालनात डब्यांची झाकणे वाजायची थांबली. मुकादमाखेरीज कुणी माझ्यावर लिहिल्याचे त्या दालनात कुणी पाहिले नव्हते. मावशींनी ताईच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत लिहिले: 'मावशी. पाच शिवणी ताण बसून उसवल्या. गुपचूप पुन्हा घातल्या.'

मुकादम परत आला. मिशा पुसता पुसता तो थबकला.

"हे कुणी लिहिलं?"

"नाव आहे की पहिलंच. खाली सहीसुद्धा करू का?"

"मावशी, खडूला हात लावायचा नाही हे माहीत आहे ना?"

"माहीत आहे. चुका लपवायच्या नाहीत हेही तुम्हीच सांगता. दोन्ही एकदम कसं जमणार?"

"पुसा ते."

"तुम्ही पुसा," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्या हलल्याही नव्हत्या. "मी लिहिलंय ते खरं आहे. पोर दहा दिवस एकटी चढलीय तिथे. पाच शिवणी म्हणजे एका शिवणीपेक्षा मोठी चूक. तुमच्या नियमाने तिचं नाव उतरायला हवं आता."

मुकादमाने फडके उचलले, माझ्याकडे पाहिले आणि परत ठेवले. तिचे नाव पुसावे तर आपण हरलो असे होते, आणि मावशींचे पुसावे तर खरे पुसल्यासारखे होते. शेवटी तो म्हणाला, "राहा दोघी." आणि जेवायला बसला. त्याला वाटले प्रकरण मिटले.

शुक्रवारी सकाळी काका आले ते टोपी न काढता तडक माझ्यापाशी. त्यांनी लिहिले: 'काका. सात काड्या वाकल्या. कापड टोकापर्यंत पोचेना म्हणून ओढलं. भंगाराच्या डब्यात तळाशी लपवल्या.' मग मावशींकडे वळून म्हणाले, "जावयाचा मान आहे, मागे कसा राहू?" थोड्या वेळाने बटणवाल्या वहिनी आल्या. त्या इतक्या हळू चालत, की मुकादमाला कळेपर्यंत त्यांचे लिहूनही झाले: 'वहिनी. पट्टा सैल पडतो म्हणून नऊ छत्र्यांना बटण बोटभर आत लावलं. विचारलं नाही.'

मुकादम म्हणाला, "हा काय तमाशा लावलाय?"

"तमाशा कसला," काका म्हणाले. "लाज वाटतेय आम्हाला. सुधारतोय."

आणि तेव्हा ताई आली. किती दिवसांनी तिने माझ्याकडे मान वर करून पाहिले. आपले नाव तिने वाचले नाही, त्याखालच्या तीन ओळी वाचल्या. पुन्हा पहिलीपासून वाचल्या. तिचे ओठ हलत होते.

"शिवण ताणाने उसवते," ती स्वतःशीच म्हणाली. "कापड टोकाला पोचत नाही. गुंडाळल्यावर पट्टा सैल पडतो. म्हणजे कापड कमी पडतंय. सगळीकडे थोडं थोडं कमी."

"पण तू तर साच्यावर ताडून पाहिलंस," मावशी म्हणाल्या.

"साच्यावर पाहिलं." ताई थांबली. मग तिने टेबलावरचा लाकडी साचा उचलला आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "मावशी, रोज शेकडो वेळा मी सुरी याच्या कडेने ओढते. सुरी काय फक्त कापडच कापते?"

कपाटात एक लोखंडी साचा होता, मूळ मापाचा. लाकडी साचा दर महिन्याला त्याच्याशी ताडून पाहायचा आणि झिजला असेल तर नवा करायचा, हा कारखान्याचा जुना नियम. कपाटाची किल्ली मुकादमाकडे असे. ताईने हात पुढे केला.

"किल्ली द्या."

"साचा कधी चुकतो का? काहीतरीच."

"मग द्यायला काय हरकत आहे?"

मुकादमाने किल्ली दिली नाही. "उद्या मालकीणबाई आल्या की बघू," म्हणाला. आणि दिवसभर त्याने एकदाही माझ्याकडे तोंड केले नाही.

शनिवारी मालकीणबाईंनी किल्ली मागितली तेव्हा ती द्यावीच लागली. ताईने टेबलावर लोखंडी साचा ठेवला आणि त्यावर लाकडी. दोन्ही बाजूंनी लोखंडाची बारीक चकचकीत पट्टी बाहेर डोकावत होती. तांदळाच्या दाण्याच्या रुंदीएवढी, जास्त नाही. पण एका छत्रीला पाकळ्या आठ आणि कडा सोळा. सोळा दाणे कापड कमी पडले की छत्री उघडताना काहीतरी बिघडणारच. कधी शिवण, कधी काडी. आणि प्रत्येकाला वाटत होते, की ही आपली एकट्याची चूक आहे.

"हा साचा शेवटचा कधी ताडून पाहिला होता?" मालकीणबाईंनी विचारले.

सगळे मुकादमाकडे वळले. काकांनी मेजावरचा खडू उचलला आणि ताईच्या हातात दिला. "घे. लिही आता काय लिहायचं ते. बारा दिवसांचं एकदम लिही."

मित्रांनो, खरे सांगतो, मलाही ते हवे होते. मुकादमाचे नाव आणि त्यापुढे एखादा असा शब्द, की त्याला तो जन्मभर चिकटावा. किती शब्द मी अंगावर घेतले होते, सगळे मला पाठ होते. मी वाट पाहत होतो.

ताईने लिहिले: 'साचा झिजला आहे.' मग त्याखाली: 'ताई. सोमवारच्या पाकळ्या बरोबर होत्या. नंतरच्या तीन खरंच वाकड्या कापल्या. लक्ष सुरीवर नव्हतं.' मग तिने खडू मुकादमापुढे धरला.

"तुमची ओळ तुम्ही लिहा," ती म्हणाली. "शेरा मी मारणार नाही. मला काय झालं ते मला माहीत आहे. पण चूक लिहिल्याशिवाय मी कातरकामाला बसणार नाही, आणि खोके भरायलाही नाही."

"ती एकटीच नाही," मावशी म्हणाल्या. त्यांनी यंत्राचे बटण बंद केले. काकांनी हातातली काडी खाली ठेवली. वहिनी कधी येऊन ताईशेजारी उभ्या राहिल्या ते कुणालाच कळले नाही.

मुकादमाने मालकीणबाईंकडे पाहिले. त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्याने खडू घेतला. त्याचे अक्षर एरवी ठसठशीत, पण त्या दिवशी इतके बारीक आले की काकांना चष्मा लावावा लागला. त्याने लिहिले: 'मुकादम. चार महिने कपाट उघडलं नाही.' मग त्याने फडके उचलले आणि वरच्या ओळीतला 'वाकडी' हा शब्द पुसू लागला.

"तो मी पुसते," ताई म्हणाली.

तिने फडके घेतले नाही, तळव्याने पुसला. तीनदा हात फिरवावा लागला. बारा दिवस बसलेला शब्द होता.

सोमवारी तिच्या सुरीचा आवाज अडखळतच होता. मंगळवारीही. असे एका दिवसात भरून येत नाही, आणि येते असे सांगणाऱ्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका. पण गुरुवारी दुपारी मावशींनी यंत्र थांबवून कान दिला, मग यंत्राला पाय लावला. सुरी एका सुरात चालली होती.

त्यानंतर त्या दालनात माझ्यावर दुसऱ्याची चूक लिहायची पद्धत बंद झाली. ज्याची त्याने लिहावी, शेरा मारू नये. मुकादमाने ताईची क्षमा मागितल्याचे मी ऐकलेले नाही. पण दर महिन्याच्या पहिल्या दिवशी तो दोन्ही साचे घेऊन तिच्या टेबलापाशी जाई आणि म्हणे, "ताई, बघून घ्या." तो निवृत्त झाला, पुढे नवा मुकादम आला, माझ्या मधल्या सांध्याला तडा गेला. मला भंगारात काढायचे दोनदा ठरले. दोन्ही वेळा काका म्हणाले, "आधी मला काढा." मग मला पाठीमागून लोखंडी पट्ट्या मारल्या. त्या दुखतात, पण धरून ठेवतात.

आता मी तुमच्यासमोर आलो आहे, तर मला पुसताना ओले फडके वापरू नका, माझा रंग उडतो. एवढे केलेत तर बरे, नाही केलेत तरी मी टिकेन. माझी खरी मागणी वेगळी आहे आणि ती मी विनंती म्हणून करत नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत, तुमच्या घरात कुणाचे तरी नाव कुठेतरी चढलेले असेल. त्यापुढे एक शब्द असेल आणि सगळे हसत असतील. तेव्हा त्याला नुसते गोड बोलून येऊ नका. ताईला त्याने बरे वाटले नव्हते. उठा, खडू हातात घ्या, परवानगी नसली तरी घ्या, आणि त्याच्या खाली आपले नाव लिहा. आपली जी चूक असेल ती खरी लिहा. कुणाचेही नाव तिथे एकटे राहू देऊ नका.

लिहायला जागा मी देतो.